बोटीच्या तळाचा जुना रंग सगळा काढू की वरूनच मारू?

देवबागचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. माझी २२ फुटी फायबरची बोट आहे, मागे आउटबोर्ड इंजिन, डॉल्फिन बघायला पर्यटक नेतो. सेकंडहँड घेतली त्याला तीन सीझन झाले, माझ्या आधी किती मालक झाले देव जाणे. कर्लीच्या खाडीत कायम पाण्यातच उभी असते. आत्ता वर ओढली तर तळाला शिंपल्यांचं जंगल, एप्रिलभर पेट्रोल एवढं का पीत होती ते तेव्हा कळलं. पत्र्याने शिंपले पाडायला गेलो तर सोबत रंगाचे पापुद्रे आले, पंजाएवढे, कडेने बघितलं तर निळा, त्याखाली लाल, त्याखाली परत काळपट लाल आणि मग कुठे पांढरं. गावचा पेंटर म्हणतो घासून वरून दोन हात मार, दोन दिवसांचं काम. भाऊ म्हणतो सगळं खरवड. पावसाला जेमतेम तीन आठवडे आहेत. काय करू? आणि हीटगन, ग्राइंडर की केमिकल?

हर्णै_बंदर:
भावा आधी ब्लेडने रंगावर फुली मार, वर चिकटपट्टी दाबून बसव आणि झटक्यात ओढ. चार-पाच ठिकाणी करून बघ. रंग पट्टीला आला तर पेंटरचं ऐकू नको, नवीन रंग कितीही भारी आण, तो धरून बसणार त्या जुन्या कुजक्या थरालाच आणि त्याच्यासकटच सुटणार. पट्टी कोरी आली तर मात्र सगळं काढायची काही गरज नाही, घासून वर मार. तुझे पंजाएवढे पापुद्रे सुटतायत म्हणजे उत्तर बहुतेक मिळालंच आहे.

ग्राइंडरला हात लावू नको हां. मी लावलाय. ४० नंबरची डिस्क, दुपारी जेवायच्या आत नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग साफ, मी खूश, आणि जेवून आलो तेव्हा उन्हात तिरकं बघितलं तर जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, चंद्रकोरीसारखे खड्डेच खड्डे, खाली कापड दिसायला लागलेलं. ते भरण्यात आठ दिवस गेले. हीटगननेही जेलकोट भाजतो, नवख्या माणसाने नादी लागू नये. केमिकल आणलंस तर फायबरला चालणारंच आण, लोखंडी गेटचा रंग काढायचं साधं रिमूव्हर जास्त वेळ राहिलं तर जेलकोटही मऊ करतं. मी आता हाताने ओढायचा कार्बाइड स्क्रॅपर वापरतो, कोपरे गोल घासून घेतलेले, आणि शेवटी वॉटर पेपर. खांदे जातात पण बोट राहते.

आणि कोरडं घासू नको. त्या रंगात तांबं असतं, म्हणून तर शिंपले लागत नाहीत, ती धूळ छातीत जायला नको. खाली ताडपत्री टाक, लाल पाणी आणि पापुद्रे गोळा कर, खाडीत सोडू नको, तिथेच कालवं काढतात आपली माणसं.

मिऱ्यावरचे_काका:
बाळा, काढायचं ते आत्ताच काढ, पण रंगाची घाई करू नको. इपॉक्सी प्रायमरला, म्हणजे रंगाच्या आधी मारायच्या लेपाला, हवेत ८५ टक्क्यांवर दमटपणा चालत नाही आणि आपल्याकडे जूनमध्ये तेवढा तर घरातल्या भिंतीलाही असतो. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, तेव्हा सगळ्यांना वेळ असतो म्हणून सगळे तेव्हाच रंगवतात आणि दिवाळीत फोड बघत बसतात. आमच्या वडलांच्या लाकडी होडीला माशाचं तेल चोपडायचे, ते कशालाही चिकटायचं, फायबरचे लाड वेगळे. खरवडून झालं की गोड्या पाण्याने धू आणि तळाला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेव दोन दिवस. आतून दव धरलं तर तळ अजून ओला आहे.

आळशी_तांडेल:
आमच्या शेजाऱ्याने रंगात मिरचीपूड कालवली होती, कुणीतरी सांगितलं शिंपले लागत नाहीत म्हणून. उलट जास्त लागले, त्यांनाही मालवणी जेवण आवडतं बहुतेक 😄

कामाचं सांगतो, आउटबोर्डच्या पायाला हा तांब्याचा रंग मारू नको, पाय ॲल्युमिनियमचा, खाऱ्या पाण्यात तांबं लागलं की गंजून चाळण होते. झिंकलाही, म्हणजे पायाऐवजी स्वतः गंजायला लावलेल्या जस्ताच्या तुकड्यालाही, ब्रश लागू देऊ नको, रंगवलेलं झिंक काहीच काम करत नाही.

देवबागचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. पट्टी लावली, पाचपैकी चार ठिकाणी रंग आला. दहा दिवस खरवडतोय, अर्ध्याच्या वर झालं. पण आता नवीनच लफडं. मागच्या बाजूला, पाण्याच्या रेघेखाली, चवलीएवढे फोड आहेत, वीस-बावीस असतील. एक टोचला तर चिकट पाणी आलं, वास चक्क व्हिनेगरचा. बोट गेली काय?

हर्णै_बंदर:
नाही गेली. ऑस्मोसिस आहे, वर्षानुवर्षं पाण्यात राहून जेलकोटमधून पाणी आत झिरपतं आणि आतल्या रेझिनमधलं काहीबाही विरघळून ते आंबट पाणी साठतं. वीस फोड म्हणजे घाबरण्यासारखं नाही, पेंटरच्या दोन हातांखाली झाकले गेले असते ते वाईट. सगळे उघड, कडा घट्ट लागेपर्यंत खरवड, गोड्या पाण्याने परत परत धू, वास जाईपर्यंत. मग वाळू दे. भरायला इपॉक्सीची लांबी (पुट्टी) घे, गॅरेजमध्ये गाडीला लावतात ती नको, ती पाणी पिते.

मिऱ्यावरचे_काका:
आणि हे मे महिन्यात उरकणार नाही, मनातून काढून टाक. वरून छप्पर, बाजूने वारा असं ठेव, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नको. ऑक्टोबरच्या उन्हात प्रायमर मार. शेवटच्या प्रायमरवर अंगठा दाबायचा, ठसा उमटला पण बोटाला रंग लागला नाही की लगेच अँटीफाउलिंगचा, म्हणजे शिंपले लागू न देणाऱ्या त्या तांब्याच्या रंगाचा, पहिला हात. ती वेळ चुकली तर परत घासत बसावं लागतं. पहिला हात लाल, दुसरा निळा मार. निळ्यातून लाल डोकावला की समजायचं, पुढच्या रंगाची वेळ झाली. बोट ज्या ठोकळ्यांवर टेकवलीय तिथली जागा विसरू नको, ठोकळे सरकवून तिथेही दोन्ही हात बसले पाहिजेत.

देवबागचा_पोरगा:
म्हणजे सप्टेंबर गेला. असू दे, तेव्हा तसंही समुद्र खवळलेला असतो आणि गिऱ्हाईक दिवाळीलाच येतं. रंग किती लागेल, चार लिटर?

हर्णै_बंदर:
तुझा तळ धरू १४ चौरस मीटर, लिटरला एका हाताचे आठ-नऊ मीटर होतात. दोन हातांना साडेतीन लिटर. चार घे, उरलेला पाण्याच्या रेघेवर आणि नाळेच्या कडेला तिसरा हात मार, तिथलाच रंग सगळ्यात आधी झिजतो.