शीशमहालात कॅमेरा लपला कुठे? जाणकारांनो, लिहा

गवारमोडी
काल टीव्हीवर ‘मुघल-ए-आझम’ लागला. सिनेमाच्या तंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण ‘प्यार किया तो डरना क्या’ सुरू झालं आणि हातातली भाजी हातातच राहिली. छतभर अनारकली! एवढ्या आरशांत कॅमेरा एकदाही दिसू नये? दिवे, कपडे, आवाज, ज्याला जे ठाऊक ते लिहा. हे रंग कॉम्प्युटरने भरलेत का?

दुर्गाप्रेमी
नाही हो ताई. हे गाणं मुळातच रंगीत. बाकी बराचसा सिनेमा कृष्णधवल, त्यात २००४ साली रंग भरले. आणि जोधाबाई झालेल्या आपल्या दुर्गाबाई खोटेंबद्दल कुणी बोलणार की नाही?

कटर_थर्माकोल
सेट अंधेरीच्या मोहन स्टुडिओत. १५० फूट लांब, ८० रुंद, ३५ उंच. काच बेल्जियमची, कारागीर फिरोजाबादचे, उभारायला दोन वर्षं लागली. कॅमेरा लपवणं नंतरचं, आधी झळाळी घालवायची. दिवा थेट आरशावर मारला की उजेड उलटून लेन्समध्ये घुसतो आणि फ्रेम पांढरी फटक. आर. डी. माथुर कॅमेरामन. आरशांवर मेणाचा पातळ थर दिला आणि उजेड कापडाच्या पट्ट्यांवरून परतवून घेतला. आजही तेच करतात, दिव्याचं तोंड पांढऱ्या कापडाकडे किंवा थर्माकोलकडे. कॅमेरा तिरका लावायचा. ज्या कोनातून आरसा बघाल त्याच कोनात पलीकडचं दिसतं, तेवढ्या जागेत काळं कापड ताणायचं. शिवाय तुकडे बारीक आणि जरा वाकडेतिकडे बसवलेले असले की अख्खा कॅमेरा कुठल्याच तुकड्यात मावत नाही.

मखरवाली
थांबा थांबा, सोसायटीच्या गणपतीला आरशांचं मखर ठरलंय! थर्माकोलला बंदी, मग कशावर चिकटवू?

कटर_थर्माकोल
प्लायवर. ३ मिमी काच चौरस मीटरला साडेसात किलो भरते, पुठ्ठा वाकेल. अॅक्रिलिकचा आरसा त्याच्या निम्म्याने. चिकटवायला सिलिकॉन घेताना वास बघा. व्हिनेगरसारखा आंबट आला तर नको, मागचा मुलामा खातं आणि काळे डाग पडतात. ‘न्यूट्रल’ मागा. फोकस मूर्तीवर, आरशावर नाही. नाहीतर फोटोत बाप्पा काळे आणि मागे वीज पडल्यासारखं.

उरेब_पट्टी
कपड्यांवर लिहिते, कुकर होईपर्यंत. शिंपी दिल्लीचे, भरतकाम सुरत-खंभातचं, दागिने हैदराबादी सोनारांचे, जोडे आग्र्याचे आणि मुकुट आपल्या कोल्हापूरच्या कारागिरांचे!
गिरकीत अनारकलीचा घेर गोल उठतो तो कळ्यांमुळे, म्हणजे वर अरुंद, खाली रुंद अशा कापडाच्या तुकड्यांमुळे. १६ कळ्या, खाली प्रत्येकी १२ इंच (शिवण सोडून) म्हणजे १९२ इंच, जवळपास पाच मीटर. शिवल्या शिवल्या खालची दुमड घालू नका. कळीची कड तिरकी असते, ती लोंबते. रात्रभर टांगा, मग घालून जमिनीपासून मोजत कापा. नाहीतर महिन्याभरात घेर मागेपुढे. चुडीदार उरेबच (कापड तिरकं धरून) कापायचा, उभ्या कापडाचा पोटरीवर चढत नाही. उंचीत ८-१० इंच जास्त धरा, चुण्या त्याच्याच.

मखरवाली
कापड मंगलदास मार्केटला घेऊ की दादरला?

उरेब_पट्टी
मंगलदास. दुपारी बाराच्या आत जा. जर-टिकली भुलेश्वरला.

घुमट
आवाजाचं राहिलंच. गाण्यातला तो घुमारा आणायला नौशादनी लताबाईंना स्टुडिओच्या बाथरूममध्ये उभं करून गाऊन घेतलं. गुळगुळीत टाइल आवाज पीत नाही, परत फेकते. घरी करायचं तर टॉवेल-कपडे बाहेर, एक्झॉस्ट बंद, नळ टपकत नाही ना बघा. माइक तोंडाशी धरला तर घुमारा कमी, दोन-तीन फूट लांब ठेवला तर जास्त. द्रुत ओळी नकोत, आधीच्या शब्दाचं शेपूट पुढच्यावर चढून नुसता गिचका होतो.

एसटी_डेपो
सिनेमा पहिल्यांदा लागला ५ ऑगस्ट १९६०, मराठा मंदिर. मुंबई सेंट्रल डेपोच्या समोरच. बाकी चालू द्या.

गवारमोडी
एवढं मेण लावून वर झगमगाट दिसतोच कसा पण?

कटर_थर्माकोल
थर पातळ आहे ताई. उजेड विखुरतो, मरत नाही. पाटपुसणीने पुसलेला आरसा आणि हात लागून तेलकट झालेला आरसा शेजारी ठेवून टॉर्च मारा.

मखरवाली
मारला. तेलकट बरा दिसतोय! मेणबत्ती घासू का?

कटर_थर्माकोल
मऊ फडक्याने, अगदी पुसट. आधी एका तुकड्यावर.