स्मूथ जॅझवालं रेडिओ स्टेशन: तुमच्याकडे होतं का? अनुभव लिहा

फ्रीमाँटकर: काल गराज आवरताना बायकोने एक खोका पुढे केला, "ठेवायचंय की टाकू?" आत केकेएसएफच्या सॅम्पलर सीड्या! बे एरियातलं (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचं) १०३.७ एफएम, स्मूथ जॅझ म्हणजे मऊ, संथ जॅझ लावणारं स्टेशन. एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी ते लोक असल्या सीड्या काढायचे. नव्वदीत एच-वन वर आलो तेव्हा ८८० हायवेच्या ट्रॅफिकमध्ये हेच लागलेलं असायचं, शाडे आणि जॉर्ज बेन्सनची गाणी, सॅनबॉर्नचा सॅक्सोफोन. बाकी स्टेशनवरची फास्ट बडबड निम्मी डोक्यावरून जायची, इथे बोलणंच कमी. १९८७ ला सुरू झालेलं, मे २००९ मध्ये एका दिवसात क्लासिक रॉक करून टाकलं. तुमच्या गावातलं सांगा.

नेपरव्हिलची काकू: अय्या शिकागोचं ९५.५ पण त्याच आठवड्यात गेलं!! डब्ल्यूएनयूए. सकाळी रॅम्झी लुईस असायचे, स्वतः एवढा मोठा पियानिस्ट आणि बोलणं शेजारच्या आजोबांसारखं. आणि मग एकदम स्पॅनिश गाणी. आमच्या ह्यांनी संध्याकाळी गाडीत तीनतीनदा स्टेशन लावून बघितलं. कुकर झालाय, नंतर लिहिते

तीनताल: हे कसलं जॅझ, लिफ्टमधलं संगीत. जुन्या जॅझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग, त्याच्या रेकॉर्डिंगवर स्मूथ जॅझवाल्या केनी जीने स्वतःचा सॅक्सोफोन वाजवून घेतला तेव्हा जॅझ गिटारिस्ट पॅट मेथिनीने त्याला काय धुतला होता, २००० साली. शोधा आणि वाचा.

फ्रीमाँटकर: आले, घराणेवाले आले 😀 अहो मेथिनीचीपण गाणी त्याच स्टेशनांवर वाजायची

दाढदुखी: माझ्या डेंटिस्टकडे दिवसभर हेच. अजून सॅक्सोफोन ऐकला की डावीकडची दाढ ठणकते

व्हॅलीतला: एलएमध्ये ९४.७ द वेव्ह. १४ फेब्रुवारी १९८७ ला, व्हॅलेंटाइन डेला सुरू झालं. त्याआधी तिथे केएमईटी होतं, रॉकवाल्यांचं दैवत, त्यामुळे लोक जाम खवळलेले. सुरुवातीला तर निवेदकच नव्हते, नुसती गाणी. स्टेशन आहे अजून पण आता सोल आणि आर अँड बी, जॅझ नावालासुद्धा नाही

मीटरवाली: मी तेव्हा जाहिरातींच्या फील्डमध्ये. आधी श्रोते काय ऐकलं ते डायरीत हाताने लिहायचे, ऑफिसात दिवसभर मागे लागलेलं स्टेशन आठवून लिहिलं जायचं. मग श्रोते मोजणाऱ्या अर्बिट्रॉन कंपनीने पेजरसारखं यंत्र दिलं, आवाजातला छुपा कोड ते स्वतःच पकडतं. २००७-०८ पासून मोठ्या शहरांत ते आलं आणि स्मूथ जॅझचे आकडे धाडकन पडले. त्यात ऐकणारे पन्नाशीचे, जाहिरातवाल्यांना हवी तरुण मंडळी, वर मंदी. न्यूयॉर्कचं 'सीडी १०१.९' नावाचं स्टेशन तर २००८ च्या फेब्रुवारीतच गेलं.

तीनताल: म्हणजे कोणी मन लावून ऐकतच नव्हतं. माझंच म्हणणं सिद्ध झालं

नेपरव्हिलची काकू: मी ऐकायचे हो मन लावून. दोन लहान मुलं, बाहेर बर्फ, गाडी येत नाही, बोलायला कोणी नाही. दुपारी तो रेडिओच होता. तुम्हाला नाही कळायचं.

तीनताल: सॉरी काकू.

कोथरूड: आमच्याकडे वर्ल्डस्पेस होतं, सॅटेलाइट रेडिओ, त्यावर जॅझचं वेगळं चॅनल. बाबांना गंधर्व हे शास्त्रीय संगीताचं चॅनल हवं, मला जॅझ, रिसीव्हर एकच. रोज भांडण! २००९ संपता संपता तेही बंद. ती गॅलरीतली अँटेना आई अजून टाकू देत नाही, तिच्यावर मोगरा चढलाय

दाढदुखी: मोगऱ्याचा फोटो टाका ना. आणि फ्रीमाँटकर, तुमच्याकडे रूट कॅनालचे किती घेतात? की डिसेंबरात पुण्यालाच करून घेऊ

कोथरूड: पुण्यालाच या. आमचा डॉक्टर नाट्यसंगीत लावतो