चोट्टा म्हटल्यानं पोट्टं चोट्टं होतं का?

दारव्ह्याचा मास्तर
आठवीतल्या एका पोट्ट्यानं आतल्या तांब्याच्या तारेसाठी विहिरीवरच्या मोटरीचा केबल कापला. सापडला, बापानं भरपाई दिली. विषय तिथंच संपायला हवा होता. पण आता कुणाची कोंबडी हरवली तरी त्याचंच नाव. किराणावाला ओट्यावर चढू देत नाही, क्रिकेटच्या टीममधून काढलं. बसायला जागा उरली ती सट्टापट्टीवाल्यांच्या पानठेल्यावर. एडविन लेमर्ट या समाजशास्त्रज्ञानं १९५१ मध्येच पहिली चूक आणि शिक्का बसल्यावरची चूक वेगळी मानली होती. याची दुसरी चोरी झाली, तर ती गावानं करवली असं मी म्हणेन.

ओलितवाला
मास्तर, वावर तुमचं नाही म्हणून बोलता. ऐन हरभऱ्याला पाणी द्यायचं अन् केबल गायब. लाइन रात्रीची, नवा केबल येईस्तोवर पाळी हुकली. भरपाईत केबल आला, हरभरा नाही आला. ज्याचं पीक वाळलं त्यानं नावही घ्यायचं नाही? नाव खराब होण्याच्या भीतीनंच बाकीची पोट्टी सरळ आहेत.

कोर्टातला कारकून
बाल न्याय कायदा, २०१५ वाचा. चारित्र्य दाखल्यासाठीही पोलीस अल्पवयीनाची नोंद उघड करू शकत नाहीत. कायद्यानं एवढं जपलेलं चावडीवर दोन मिनिटांत उधळलं जातं.

बेड्यावरची ताई
आमच्या फासेपारध्यांच्या लेकरांना केबल कापावाही लागत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ मध्ये रद्द झाला. तरी चोरी कुठंही होवो, पोलिसांची पहिली जीप बेड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीवर येते. माझा भाऊ अकरावीला होता. त्याला उचललं, संध्याकाळी सोडलं, कागदावर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्या बाकावर कुणी बसेना. त्यानं कॉलेज सोडलं. ओलितवाले दादा, त्यानं कुणाचं पीक वाळवलं होतं?

ओलितवाला
ताई, तुमच्या भावाशी झालं ते चूकच. न केलेल्याचं नाव घेणं मला मान्य नाही. पण मास्तरांच्या पोट्ट्यानं केलं होतं, दोन्ही एका मापानं मोजू नका.

दारव्ह्याचा मास्तर
केलं त्याची भरपाई झाली ना? मग कोंबडीचं नाव त्याच्यावर का? तंटामुक्त समितीत ठराव घेऊ: भरपाई झाली की चावडीवर विषय बंद. टीममध्ये मी घेतो त्याला.

ओलितवाला
ठराव घ्या, सही करतो. पण परत माझ्या विहिरीवर सापडला तर सरळ ठाण्यात जाईन, तेव्हा मधे पडू नका.