एकट्याने केलेल्या परदेशवारीचा शेवटचा दिवस: सातारा-सांगलीकरांचे अनुभव

परदेशात एकट्याने फिरून येणारी माणसं आपल्या सातारा-सांगलीकडे आता बरीच आहेत. व्हिसा, जाण्याची तयारी यावर सांगणारे पुष्कळ भेटतात, परतीच्या दिवसावर कुणीच बोलत नाही. पैशाची आणि वेळेची नासाडी मात्र नेमकी त्याच दिवशी होते. दोघं असतील तर एक बॅगेपाशी थांबतो, दुसरा रांगेत लागतो. एकट्याला ती सोय नाही, म्हणून कामांचा क्रम आधीच लावून ठेवावा लागतो. ज्यांना जे पक्कं माहीत आहे ते इथे लिहा. प्रवासवर्णन नको. कुठलं काम कधी करायचं, किती वेळ लागतो, कुठे अडतं, एवढंच हवं. आलेल्या उत्तरांवर लिहिणाऱ्याचं गाव दिलं आहे.

सुरुवात तारखेपासून करतो. भारतात येणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० अशी वेळ असेल, तर १४ च्या रात्री साडेनऊला विमानतळावर हजर व्हायचं. १५ ला रात्री जेवूनखाऊन निघालात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. हॉटेल आणि व्हिसाची मुदतही याच हिशोबाने मोजा. थायलंडमध्ये मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बात दंड आहे.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे विमानतळ. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, टोकियोला नारिता आणि हानेदा. येताना ज्यावर उतरलो, जातानाही तोच असेल असं धरून चालू नका.

विटा

खोली अकरा-बाराला सोडायची आणि विमान रात्री, ही नेहमीची अडचण. बहुतेक हॉटेलं बॅग रिसेप्शनला ठेवून घेतात. चिठ्ठी मागून घ्या आणि बॅगेचा फोटो काढून ठेवा. पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि अंगावरचा एक बदलायचा जोड त्या बॅगेत ठेवू नका, पाठीवरच्या पिशवीत घ्या.

वजन आदल्या रात्रीच करा, काउंटरपुढे बॅग उघडून बसायची वेळ येऊ देऊ नका. काटा नसेल तर हॉटेलकडे मागा. माणसांचा काटा मिळाला तर आधी आपण एकटं उभं राहायचं, मग बॅग उचलून, आणि वजाबाकी करायची. तिकिटावर २३ किलो असतील तर बॅग २२ वर थांबवा, कारण तिथला काटा आणि आपला काटा जुळतोच असं नाही. हातातल्या बॅगेला बऱ्याच कंपन्या ७ किलोच देतात.

एक सोय आपल्याकडच्यांना हमखास असते. जाताना भडंगाचा किंवा चिवड्याचा भरून नेलेला डबा परत येताना रिकामा असतो. काचेची, चिनी मातीची वस्तू मोज्यात घालायची, मोज्यासकट डब्यात बसवायची, उरलेल्या फटीत रुमाल कोंबायचे. डबा हलवल्यावर आतून आवाज आला नाही पाहिजे. मग तो बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे. कडेला ठेवलात तर डब्याला पोचा येतो आणि आतली वस्तूही जाते.

कराड

पॉवर बँक कुठल्याही परिस्थितीत चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. हातातल्या बॅगेत मर्यादा १०० वॉट-अवर (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप). छापलेले एमएएच गुणिले ३.७, भागिले १०००, असा हिशोब. २०,००० एमएएचची ७४ वॉट-अवर होते, ती चालते. १०० ते १६० मधलीला कंपनीची परवानगी लागते. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सच्या विमानात एकच पॉवर बँक नेता येते आणि विमानात ती वापरायची नाही. म्हणून निघण्याआधी फोन पूर्ण चार्ज करून घ्या, उतरल्यावर गाडीवाल्याला फोन त्याच्यावरच करायचा असतो.

आता नेमकं कुठे अडतं ते सांगतो. विमान भरलेलं असलं की दाराशी हातातली बॅग काढून घेऊन खाली सामानात टाकतात. घाईत पॉवर बँक आतच राहते. ती वरच्या कप्प्यात, हाताला लगेच लागेल अशी ठेवा आणि बॅग देण्याआधी काढून घ्या.

हातातल्या बॅगेत द्रवाचा नियम १०० मिलीचा, तोही बाटलीच्या मापाचा. २०० मिलीच्या बाटलीत तळाला थोडंसं उरलं असलं तरी ती काढून घेतात. जॅम, मध, करी पेस्ट हेही द्रवातच मोजतात, त्यामुळे ते मोठ्या बॅगेत. ड्युटी फ्रीची बाटली मधल्या विमानतळावरून आणायची असेल तर सीलबंद पिशवी पावतीसकट तशीच ठेवा. पिशवी फोडली की पुढच्या तपासणीत बाटली जाते.

सांगली, विश्रामबाग

कर परतीबद्दल लिहिते, म्हणजे तिथल्या खरेदीवर भरलेला कर पर्यटकाला देश सोडताना परत मिळतो त्याबद्दल, कारण हक्काचे पैसे लोक सोडून देतात याचं वाईट वाटतं.

क्रम असा: आधी कर परतीच्या कागदावर कस्टमचा शिक्का, मग बॅग काउंटरवर, मग सुरक्षा तपासणी, आणि शेवटी पैसे. बॅग आधी दिली की संपलं. अधिकारी वस्तू दाखवा म्हणू शकतो आणि तेव्हा ती पट्ट्यावरून आत गेलेली असते. म्हणून त्या वस्तू बॅगेत सगळ्यात वर, पावत्या पासपोर्टसोबत, आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी.

युरोपीय संघात शिक्का संघातून बाहेर पडताना घ्यायचा असतो. पॅरिसहून फ्रँकफर्टमार्गे मुंबई असेल आणि वस्तू मुंबईपर्यंत जाणाऱ्या बॅगेत असेल, तर शिक्का पॅरिसला. हातातल्या बॅगेत असेल तर फ्रँकफर्टला. स्वित्झर्लंड संघात नाही. इटलीत खरेदी करून रेल्वेने झुरिकला आलात तर शिक्का इटली सोडताना सीमेवर घ्यायला हवा, झुरिकच्या विमानतळावर तो मिळणार नाही. लंडनमध्ये ही कर परत करायची सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे, तिथे पावत्या साठवू नका.

सिंगापूर सोपं. खरेदी किमान १०० सिंगापूर डॉलर, कर ९ टक्के, दुकानात पासपोर्ट दाखवायचा आणि विमानतळावर यंत्रावर मागणी नोंदवायची. मोठ्या बॅगेतल्या वस्तूंची नोंद बॅग देण्याआधीच्या यंत्रावर करायची.

वाई

उरलेली रोकड हॉटेलच्या बिलात द्या आणि बाकीची रक्कम कार्डाने. कार्डाचं यंत्र ‘रुपयात घ्यायचे का’ असं विचारतं, तिथे नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात द्या. रुपयात घेतलं की दर त्यांचा लागतो आणि तो महागच असतो. नाणी तिथेच संपवा, आपल्याकडे नोटा बदलून मिळतात, नाणी कुणी घेत नाही. परत आल्यावर २,००० अमेरिकी डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा जवळ ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत जमा कराव्या लागतात.

जपानचं रेल्वे-बसच्या भाड्याचं सुइका कार्ड परत केलं की ५०० येन अनामत मिळते, पण शिल्लक रकमेतून २२० येन कापतात. आधी शिल्लक संपवा, मग कार्ड द्या. ते जेआर पूर्व (जेआर ईस्ट) या रेल्वे कंपनीच्याच खिडकीवर परत घेतात, ओसाकाला नाही.

फलटण

वाईच्या ताईंना पुरवणी: भारतात येताना कर न भरता दारू २ लिटर, सिगारेटी १०० आणता येतात. मुंबईत उतरल्यावर ड्युटी फ्रीमधून घेतलेलीही त्यातच धरतात. फिरून आलेल्याला सोन्याची सूट नाही, ती वर्षाहून अधिक परदेशात राहिलेल्यांना आहे. ई-सिगारेट आणूच नका.

मिरज

आपला प्रवास मुंबईत संपत नाही, याचा विचार तिकीट काढतानाच करायला हवा. दिल्लीमार्गे येत असाल तर साधारणपणे इमिग्रेशन आणि कस्टम दिल्लीलाच होतं. बॅग तिथे उतरवून परत द्यावी लागते, त्यामुळे मध्ये तीन तास तरी ठेवा. पुढच्या तिकिटावर बीओएम (मुंबईचा जुना विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई) तेही बघा. नवी मुंबई विमानतळ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला आहे आणि गाडीवाला चुकीच्या ठिकाणी उभा राहिला तर एकट्याने भर रात्री निस्तरणं अवघड.

मुंबईत विमान टेकल्यापासून बाहेर येईपर्यंत दीड ते दोन तास धरा. सांगली-मिरजेच्या ट्रॅव्हल्स रात्री सुटतात. पहाटे दोनला उतरलात तर त्या गेलेल्या असतात. अशा वेळी बाहेर पडायची घाई करू नका, आतच उजाडेपर्यंत बसा. मग सकाळी दादर किंवा ठाण्याहून कोयना एक्सप्रेस, ती सातारा, कराड, सांगली, मिरज सगळं घेते. आरक्षण आधीच करा. विमान दुपारी उतरत असेल तर रात्रीची महालक्ष्मी आहे. नाहीतर शिवनेरीने पुणे आणि स्वारगेटवरून एसटी.

गावाहून गाडी मागवणार असाल तर ड्रायव्हर दुपारीच निघून मुंबईत चार तास झोपेल असं ठरवा. सांगलीहून थेट येऊन लगेच परत निघालेला माणूस खंबाटकीला पोचेपर्यंत पेंगायला लागतो. एकटेच असाल तर पुढच्या सीटवर बसा आणि बोलत राहा.

सातारा, गोडोली

मिरजेच्या दादांनी रेल्वेचं लिहिलं त्यात एवढंच: साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, गावापासून लांब आहे. मोठी बॅग घेऊन वडापमध्ये (शेअर जीपमध्ये) बसता येत नाही, घरच्या कुणालातरी गाडी घेऊन बोलवा. आणि परदेशी सिम काढून आपलं सिम विमानात बसण्याआधीच घाला. जाताना काढलेलं आपलं एवढंसं सिम आणि सिमचा कप्पा उघडायची पिन पासपोर्टच्या कव्हरमध्ये चिकटपट्टीने लावून ठेवलेलं असलं की शोधावं लागत नाही.