अनुभव धागा : वाफेची इस्त्री घेताना कोणाच्या शब्दावर विसंबलात?

आमच्या जुन्या साध्या इस्त्रीने दोन मुलांचे शाळेचे गणवेश शेवटपर्यंत सांभाळले आणि यंदा मृगाच्या पहिल्याच आठवड्यात ती कायमची बंद पडली. तेव्हापासून मी रोज रात्री वाफेच्या इस्त्र्यांवरचे अभिप्राय वाचत आहे. एकाच इस्त्रीखाली एक जण ‘उत्कृष्ट’ म्हणतो, दुसरा ‘पाणी गळते, घेऊ नका’ म्हणतो आणि दोघांपैकी कोणाचे खरे मानावे हे कळत नाही. पावसाळ्यात आमच्या पणजीत दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, त्यामुळे इथे इस्त्री ही चैनीची वस्तू नाही. माझी विनंती एवढीच आहे की कोणती इस्त्री घ्यावी ते सांगू नका. आपण घेताना कोणाचे ऐकले आणि काही महिने वापरल्यावर ते खरे ठरले का, ते सविस्तर लिहा. ज्यांच्याविषयी तक्रार आहे त्या कंपनीचे किंवा दुकानाचे नाव कृपया लिहू नये.

म्हापसा

मी चार हजारांहून अधिक पंचतारांकित अभिप्राय पाहून इस्त्री मागवली. खोके उघडले तेव्हा माहितीपुस्तिकेच्या आत सोनेरी काठाचे एक छोटे कार्ड होते. पाच तारे द्या, फोटो जोडा आणि त्या अभिप्रायाचे छायाचित्र या क्रमांकावर पाठवा, दोनशे रुपये परत मिळतील, असे त्यावर छापले होते. तीन आठवड्यांनी तळाच्या छिद्रांतून पाणी ठिबकू लागले, तेव्हा मी तेच अभिप्राय पुन्हा उघडून या वेळी फक्त फोटो पाहिले. बहुतेक फोटोंत इस्त्री पलंगावर किंवा टेबलावर ठेवलेली होती आणि तिच्या तळावरचा प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा काढलेला नव्हता. ‘खरेदीची खात्री झालेली’ अशी खूण त्या प्रत्येकाखाली होती आणि ती खोटीही नव्हती. त्या लोकांनी इस्त्री विकत घेतली होती, फक्त वापरण्याआधीच तिच्याविषयी लिहिले होते.

विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये मनाई आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही आणले, पण ते आले तेच ऐच्छिक म्हणून. मी ते कार्ड जपून ठेवले आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आता मी ज्या फोटोत तळावर वापराचे डाग किंवा ओरखडे दिसतात, तेवढेच अभिप्राय वाचतो.

फोंडा

माझा अनुभव वेगळा आहे, कारण मी वाचलेले अभिप्राय खोटे नव्हते. २२०० वॉटची इस्त्री, भरपूर वाफ, सुती साडी एका फेरीत सरळ, असे सगळ्यांनी लिहिले होते आणि ते सगळे खरे निघाले. फक्त तिची पिन जाड होती. आमच्या झोपायच्या खोलीत, जिथे आम्ही वर्षानुवर्षे इस्त्री करतो, तिथे ६ अँपिअरचा सॉकेट आहे. २२०० वॉट म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेनऊ अँपिअर, त्यामुळे तिला १६ अँपिअरचाच सॉकेट हवा, आणि आमच्या घरात तसे सॉकेट दोनच आहेत: एक गिझरचा, दुसरा स्वयंपाकघरात फ्रिजमागे. दुकानदार म्हणाला, कन्व्हर्टर लावा. आमच्या वायरमनने तसे न करण्याविषयी स्पष्ट बजावले, कारण पिन बदलली तरी भिंतीतली तार तीच राहते आणि ती तापते. शेवटी नवीन लाइन ओढून घ्यावी लागली. शेकडो अभिप्रायांत एकानेही पिनेचा उल्लेख केला नव्हता. कदाचित त्यांच्या घरांत तो प्रश्नच आला नसेल. तेव्हापासून अभिप्राय लिहिणाऱ्याचे घर कसे असेल याचा अंदाज घेतल्याशिवाय मी त्याचे म्हणणे स्वीकारत नाही.

सत्तरी

फोंड्याच्या ताईंनी घराचा मुद्दा काढला, म्हणून लिहितो. आमच्याकडे विहीर आहे. पाणी प्यायला गोड आहे, पण त्यात लोहाचा अंश असल्यामुळे बादलीच्या तळाशी तांबूस थर बसतो. ‘साधे नळाचे पाणी चालते’ असे ज्याने-त्याने लिहिले होते, त्यावर विसंबून मी वर्षभर विहिरीचेच पाणी भरले. चतुर्थीच्या आदल्या रात्री वडिलांच्या पांढऱ्या धोतरावर इस्त्री फिरवली आणि वाफेबरोबर तपकिरी थेंब बाहेर आले. निऱ्यांवर नेमके बोटभर अंतरावर पाच डाग. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी जुने धोतर काढले. ते मला अजून आठवते.

नंतर मी तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचायला बसलो. पाच तारे देणारा आनंदात असतो आणि एक तारा देणारा रागात. पण तीन तारे देणाऱ्याला बहुधा काहीतरी नेमके सांगायचे असते. त्यांतल्या एकाने लिहिले होते की त्याच्याकडे बोअरचे जड पाणी आहे, चार महिन्यांत वाफेची छिद्रे क्षाराने बुजू लागली आणि महिन्यातून एकदा सेल्फ-क्लीनचे बटण दाबून टाकी धुतल्यावर ती मोकळी राहिली. त्या एका अभिप्रायातून मला जे मिळाले ते उरलेल्या सगळ्यांतून मिळाले नव्हते. मी आता गाळलेले पाणी वापरतो आणि काम झाले की टाकी रिकामी करतो.

धागाकर्ती, पणजी

आमच्याकडे ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाचे नळाचे पाणी आहे, तरीही सत्तरीच्या दादांचा टाकी रिकामी करण्याचा सल्ला मी पाळणार आहे. शिवणकाम करणाऱ्या कोणी लिहावे, अशी विनंती.

डिचोली

मी वीसहून अधिक वर्षे कपडे शिवतो. माझ्या दुकानातल्या इस्त्रीची पाण्याची बाटली वर टांगलेली असते आणि नळीतून पाणी खाली येते. घरगुती इस्त्री वेगळी असते, म्हणून माझ्या इस्त्रीवरून घरच्या इस्त्रीविषयी मत देणे योग्य होणार नाही. मात्र, अभिप्रायांत ‘पाणी गळते’ ही तक्रार सर्वांत जास्त असते आणि तिच्याविषयी सांगितले पाहिजे. तळ पुरेसा तापलेला नसताना वाफेचे बटण सुरू केले, तर पाण्याची वाफ होत नाही आणि ते थेंबाथेंबाने खाली येते. सिंथेटिकच्या खुणेवर काटा ठेवून वाफ मागितली, तर चांगली इस्त्रीही गळू शकते. त्यामुळे गळतीची तक्रार वाचताना त्या माणसाने काटा कुठे ठेवला होता हे लिहिले आहे का, ते पाहावे. सुती किंवा लिननच्या खुणेवर, दिवा विझेपर्यंत थांबूनही इस्त्री गळते असे कोणी लिहिले असेल, तर ती तक्रार गंभीर आहे.

दुसरे, मी नवीन वस्तू घेण्याआधी दुरुस्तीवाल्याकडे जातो. ‘तुमच्याकडे कोणती इस्त्री जास्त येते’ असे मात्र त्याला विचारत नाही, कारण जी जास्त खपते तीच जास्त येणार. कोणत्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट आणि वायर बाजारात सहज मिळते आणि कोणती उघडतानाच तुटते, हे विचारतो. हे उत्तर द्यायला त्याला कोणी पैसे दिलेले नसतात.

पेडणे

एक छोटी गोष्ट. मी पाहिलेल्या इस्त्रीखालचे जुने अभिप्राय नीट वाचले, तर त्यांत ‘पाणी लवकर उकळते’, ‘चहाला उत्तम’ असे लिहिलेले होते. म्हणजे जुन्या किटलीच्या पानावरच नंतर इस्त्री विकायला ठेवली होती आणि किटलीचे तारे इस्त्रीला मिळाले होते. सर्वांत जुने अभिप्राय आधी लावून पाहिले की हे लगेच लक्षात येते.

वास्को

भावाने आखातातून आणलेली इस्त्री आमच्याकडे चांगली चालते, पण तिची वॉरंटी इथे लागू नाही. परदेशी परीक्षणे मीही वाचतो. ती बारकाईने केलेली असतात. फक्त अमेरिकेतल्या इस्त्र्या १२० व्होल्टच्या असतात, त्यामुळे त्याच नावाची इस्त्री असली तरी तिथली वाफेची आणि तापण्याची मापे आपल्याकडच्या इस्त्रीला लावू नयेत.

साखळी

अभिप्रायांआधी एक गोष्ट पाहावी, असे मला मनापासून वाटते. विजेच्या इस्त्रीवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि त्याखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये घातला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही, ते दिसते. एका प्रदर्शनात स्वस्तात मिळणाऱ्या इस्त्रीवरचा क्रमांक मी तिथेच उभी राहून तपासला, तर तो सापडला नाही. विकणारा मला ग्राहकांचे कौतुकाचे व्हिडिओ दाखवत राहिला. मी इस्त्री खाली ठेवून परत आले. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कौतुक करणाऱ्याने तसे स्पष्ट सांगावे, अशा केंद्र सरकारच्या सूचना जानेवारी २०२३ पासून आहेत, पण त्या व्हिडिओंत तसे कुठेही म्हटलेले नव्हते.

मडगाव

मी अभिप्राय वाचणारी नाही, लिहिणारी आहे, आणि माझी चूक सांगण्यासाठी लिहीत आहे. मे महिन्यात इस्त्री आली, तिसऱ्या दिवशी मी पाच तारे देऊन मोकळी झाले. ऑगस्टमध्ये तळाच्या दोन छिद्रांभोवती गंज दिसू लागला, कारण मी टाकीत पाणी तसेच ठेवत होते आणि कपाटाची ओल होतीच. तोपर्यंत माझा अभिप्राय ‘उपयुक्त’ आहे अशी बावन्न जणांनी नोंद केली होती. तो मी काढून टाकला नाही. त्याच्याखाली तारीख घालून असे लिहिले: ‘तीन महिने, आठवड्यातून चार वेळा, नळाचे पाणी, समुद्रापासून जवळचे घर. वाफ पहिल्यासारखीच आहे. टाकी रिकामी न केल्यामुळे दोन छिद्रांजवळ गंज आला, हे पुस्तिकेत लिहिलेले मी वाचले नव्हते. पिन १६ अँपिअरची आहे. तारे आता तीन.’ त्यासोबत तळाचा फोटो जोडला आहे.