सल्ला हवा : दोन लहान मुलं घरात, एकटं मोठं माणूस, किराणा-भाजी कशी आणायची?

अश्विनी_कोथरूड | १६ एप्रिल २०२०

कोरोनाचा लॉकडाऊन आता ३ मेपर्यंत वाढला. घरात मी आणि मुलं. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. नवरा नाशिकला अडकलाय. ऑनलाइनचे स्लॉट उघडले की दोन मिनिटांत संपतात. मार्केट यार्ड (पुण्याचा घाऊक भाजीबाजार) बंद असल्यामुळे भाजी मिळेल तेव्हा घ्यावी लागते. शेजारी आजी-आजोबा राहतात, पण त्यांच्याकडे मुलांना ठेवणं बरोबर वाटत नाही. मुलांना सोबत नेऊ का? किती दिवसांचं सामान एकदम भरावं? आणल्यावर काय धुवायचं, काय नाही? नेमकं सांगाल तर बरं होईल.

वाणसामान

किराणा दुकान चालवतो, त्या बाजूने सांगतो. आत्ता बहुतेक दुकानांत घरपोच देणारी मुलं नाहीत, गावी गेली आहेत. म्हणून घरपोचचा आग्रह धरू नका, "काढून ठेवा, येऊन घेते" म्हणा. दुकानदारही याला लगेच तयार होतो.

यादी आदल्या दिवशी रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवा. सकाळी दुकान उघडलं की फोन सतत वाजतो, तेव्हा आलेली यादी मागे पडते. यादीचा फोटो नको, टाइप करा, कारण दुसऱ्याचं अक्षर लावताना चुका होतात. प्रत्येक ओळीत वस्तू, वजन आणि "नसेल तर काय" एवढं हवंच. उदा.

गहू लोकवन ४ किलो, नसेल तर कुठलाही
तूरडाळ १ किलो, नसेल तर मसूर
मूगडाळ १ किलो
तांदूळ ३ किलो, कोलम किंवा इंद्रायणी
पोहे जाड १ किलो
रवा १ किलो
शेंगदाणे अर्धा किलो
तेल १ लिटर, कुठलंही
गूळ अर्धा किलो

एक मोठं आणि दोन लहान एवढ्यांना हे पंधरा दिवस पुरतं. शेवटी "एका पोत्यात बांधा, बिल पाठवा" असं लिहा. पैसे घरूनच यूपीआयने भरून टाका, मग गल्ल्यासमोर थांबावं लागत नाही. "नसेल तर" लिहिलं नाही की आम्ही ती वस्तू वगळतो, आणि तेवढ्यासाठी तुमची दुसरी फेरी होते.

पंधरा दिवसांपेक्षा जास्त भरू नका. एप्रिलच्या उन्हाळ्यात तयार कणकेत आणि रव्यात किडे लवकर होतात. गहू घ्या आणि आठवड्यापुरताच दळून आणा. पीठ मिळत नाही अशी ओरड आहे, पण ती पाकीटबंद कणकेची. गहू आहे, बऱ्याच गिरण्याही चालू आहेत. रवा आणल्या दिवशीच मंद आचेवर कोरडा भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मगच डब्यात भरा. गरम भरला तर झाकणाला पाणी सुटतं आणि गोळे होतात.

मृणाल_ठाणे

मुलांना नेऊ नका. चौदा महिन्यांचं मूल हात तोंडात घालणारच, त्याला मास्क लावता येत नाही (दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क लावूच नये, गुदमरण्याचा धोका असतो), आणि कडेवर मूल असलं की तुमचा एकच हात मोकळा राहतो. साडेचार वर्षांची मुलगी रांगेत अंतर राहावं म्हणून आखलेल्या चौकोनात पाच मिनिटं उभी राहील, पुढे नाही.

आजी-आजोबांबद्दल तुमचं बरोबर आहे, पासष्टच्या वरच्यांकडे मुलं नकोत. त्याऐवजी त्याच इमारतीतलं मुलं असलेलं एक घर गाठा आणि जोडी करा. या खेपेला दोन्ही घरांचं सामान त्यांनी आणायचं, पुढच्या खेपेला तुम्ही. तुम्ही जाल तेव्हा तुमची मुलं त्यांच्याकडे. अट एवढीच की दोन्ही घरांनी तिसऱ्या कोणाकडे जायचं-यायचं नाही. एकाच घराशी ठेवा. तीन-चार घरं झाली की कोण कोणाला भेटलं याचा हिशेब राहत नाही.

कोणीच मिळालं नाही तर वेळ अशी निवडा की रांग नसेल. उघडल्यावरचा पहिला तास सर्वांत वाईट. धाकट्याला छातीशी बांधायच्या झोळीत तोंड तुमच्याकडे करून घ्या, मोठीच्या हातात तिची स्वतःची छोटी कापडी पिशवी द्या. तिचे दोन्ही हात पिशवीच्या बंदावर राहिले की काउंटरला लागत नाहीत. दुकानात शिरायचं नाही, पायरीवरून पोतं घ्यायचं. "दोनच मिनिटं" म्हणून मुलांना बंद गाडीत अजिबात ठेवायचं नाही. या उन्हात गाडी आतून फार झपाट्याने तापते.

परिचारिका_बालविभाग

खरी अडचण दुकानात नसते, दारात असते. आई आली की मूल पळत येऊन पायाला मिठी मारतं. त्यासाठी निघण्याआधीच तयारी करा.

दाराच्या आत दोन हात अंतरावर खडूने रेघ ओढा. मोठीला सांगा, आईचे हात धुऊन होईपर्यंत रेघेच्या पलीकडे थांबायचं आणि वीस अंक मोठ्याने मोजायचे. तेवढाच वेळ हात धुवायला लागतो. बाथरूमचं दार उघडं, बादली भरलेली, साबण आणि धुतलेले कपडे बाहेर काढलेले असू द्या. पिशवी दारालगत उंच स्टुलावर, जमिनीवर नको. मास्क कानाच्या दोऱ्यांना धरून काढा, पुढून पकडू नका. मग हात साबणाने, नखं आणि अंगठे धरून. कपडे बदला. त्यानंतर मूल घ्या. धाकट्याला कोणी सांभाळायला आलं असेल तर या सगळ्या वेळात तो आतल्या खोलीतच राहू दे.

सॅनिटायझर हा घरात मुलांसाठी मोठा धोका आहे. त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असतं आणि वास गोड असतो. लहान मुलाने एक-दोन घोट घेतले तरी रक्तातली साखर उतरून ते गुंगीत जाऊ शकतं. घरात पाणी-साबण आहे तिथे सॅनिटायझर वापरूच नका, बाटली वरच्या कप्प्यात ठेवा. लावलं असेल तर हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय गॅस पेटवू नका. फरशीसाठी ब्लीच वापरत असाल तर ते पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका, आणि संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

सध्या द्राक्षं स्वस्त आहेत, दारोदार येतात. जरूर घ्या, पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका. उभे चार तुकडे करा. गोल द्राक्ष घशात बुचासारखं बसतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे यांचंही तेच. कूट करून द्या.

तुषार_डों

वरच्या सगळ्याला अनुमोदन. भर एवढीच की भाजी साबणाने, डेटॉलने किंवा भांडी घासायच्या लिक्विडने धुऊ नका. तसे व्हिडिओ फिरताहेत. साल आणि पानं साबण धरून ठेवतात, तो पोटात जाऊन उलट्या-जुलाब होतात. वाहतं पाणी आणि हाताने चोळणं पुरतं. दुधाची पिशवी, तेलाची पिशवी, बिस्किटांचे पुडे यांना बाहेरून साबणपाणी चालेल. विषाणूचा अंश प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर एक दिवसापर्यंत आढळल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणून जे लगेच लागत नाही ते तीन दिवस मुलांच्या हाताला लागणार नाही असं बाजूला ठेवा, पुसत बसायची गरज नाही.

हिरवी_जुडी

भाजीचं सविस्तर लिहिते, कारण फेऱ्या भाजीमुळे वाढतात.

आणलेली सगळी भाजी धुऊन फ्रिजमध्ये कोंबणं ही सध्याची सर्वांत मोठी नासाडी आहे. ओली राहिली की दोन दिवसांत सडते. पालेभाजी न धुता निवडा, मुळं आणि पिवळी पानं काढा, सुती कापडावर पंख्याखाली पसरा. पानं हाताला कोरडी लागली की वर्तमानपत्रात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. मेथी अशी चार दिवस टिकते. कोथिंबीर आठ-दहा दिवस, फक्त कागद ओलसर झाला की बदला. धुणं शिजवायच्या आधी, पाणी तीनदा बदलून. पाला निवडून झाला की हात आणि ओटा धुऊन घ्या. टोमॅटो, काकडी, गाजर आणल्यावर धुतली तर चालतात, पण पुसून कोरडी करूनच आत ठेवा. कांदे-बटाटे अजिबात धुऊ नका, आणि एका टोपलीत ठेवू नका. एकत्र राहिले की दोन्ही लवकर खराब होतात.

घेताना पुढचा विचार करून घ्या. पहिले तीन दिवस पालेभाज्या, मग भेंडी, गवार, फ्लॉवर, दुसऱ्या आठवड्यात कोबी, दुधी, गाजर. अगदी शेवटी लाल भोपळा आणि बटाटे. भोपळा अख्खा घ्या, फोड घेतली तर चार दिवसांत बुळबुळीत होते. मुलांना भोपळ्याचे घारगे आवडतात, शिवाय ते दोन दिवस राहतात.

भाजी संपली की कडधान्य. मटकी किंवा मूग एक वाटी, आठ तास भिजत, मग निथळून कापडात. आत्ताच्या उकाड्यात दहा-बारा तासांत मोड येतात. जास्त वेळ ठेवले तर चिकट होऊन आंबूस वास येतो, ते टाकून द्या. धाकट्यासाठी मोड कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा.

अश्विनी_कोथरूड

खूप आभार. चौथ्या मजल्यावर सहा वर्षांचा मुलगा असलेलं एक घर आहे, त्यांना आज विचारते. अजून दोन गोष्टी. आमच्या सोसायटीत शेतकरी गटाकडून भाजीच्या पेट्या मागवायचं चाललंय, ते घ्यावं का? आणि दूध दोन दिवसांआड चुकतंय, किती साठवू?

हिरवी_जुडी

पेटी जरूर घ्या. ठरावीक वजनाची मिश्र पेटी असते, निवड नसते, त्यामुळे पेटीत काय आलंय ते बघून मगच बाकीची भाजी घ्यायची. एकच काळजी : गाडी आली की सगळे एकदम गेटवर उतरतात. मजल्यांप्रमाणे दहा-दहा मिनिटं वाटून द्या, पैसे आधी एकाच खात्यावर गोळा करा, पेट्यांवर फ्लॅट नंबर लिहायला सांगा. लहान मुलं असलेल्या घरांना शेवटची वेळ मागून घ्या, तोवर गर्दी ओसरलेली असते.

परिचारिका_बालविभाग

दोन्ही मुलांना मिळून दिवसाला एक लिटर धरा. धाकट्याला अर्ध्या लिटरच्या वर नको, दुधानेच पोट भरलं तर जेवण सुटतं आणि लोह कमी पडतं. फुल क्रीमचे टेट्रापॅक चार-पाच ठेवा. न उघडलेले फ्रिजबाहेर राहतात, तारीख बघून घ्या, उघडल्यावर फ्रिजमध्ये आणि दोन दिवसांत संपवा. साध्या दुधाच्या पावडरचं अर्धा किलोचं पाकीट असू द्या. एका पेल्याला साधारण तीन मोठे चमचे, पण प्रमाण पाकिटावरचं पाळा. आधी थोड्या कोमट पाण्यात कालवायची, मग बाकीचं पाणी, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. डेअरी व्हायटनर दूध म्हणून आणू नका, बऱ्याचशांत साखर असते. पाकीट उलटं करून घटक वाचा, "साखर" लिहिलेलं असेल तर ते फक्त चहाला.