पहिला खर्डा आधी पूर्ण करावा, की आधी आपली पद्धत शोधावी?

खर्डेघाशा (धागालेखक)

कादंबरी लिहायला घेतलेल्या माणसाकडे चौकशी केली, की "अजून माझी पद्धत सापडलेली नाही" हे उत्तर हमखास मिळते. मधल्या काळात त्याने पात्रांचे तक्ते केलेले असतात, लेखनासाठी नवे सॉफ्टवेअर घेतलेले असते, पहाटे लिहावे की रात्री यावर लेखकांच्या मुलाखती ऐकलेल्या असतात. लिहून झालेली असतात ती मात्र पहिली दोन प्रकरणे, आणि तीही पुन्हा पुन्हा. माझे मत असे, की निदान एक खर्डा शेवटच्या पानापर्यंत नेल्याखेरीज स्वतःची पद्धत कोणालाही कळत नाही, कारण कादंबरीची खरी अडचण मध्यावर येते आणि जो तिथवर गेलेलाच नाही, त्याला आपण कुठे अडतो हे कळणार कसे? तोवर कोणाचीही शिस्त उसनी घ्यावी. इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरी करणारा कादंबरीकार अँथनी ट्रॉलप पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिही. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने हे कसलाही आव न आणता सांगितले आहे. मागे वळून न पाहता रोजचा कोटा पुरा करावा, दुरुस्त्यांचे नंतर बघावे.

पाठकोरा

ट्रॉलपचे आपण निम्मेच सांगितले. त्याच आत्मचरित्रात तो म्हणतो, की तीन तासांच्या बैठकीतला पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जाई आणि त्या वाचनात शब्दांच्या नादाकडे त्याचे विशेष लक्ष असे. म्हणजे ज्याला आपण मागे वळून न पाहणारा ठरवलेत, तो रोज मागे वळत होता.

मूळ मुद्द्यालाही माझा विरोध आहे. काही जणांची कादंबरी वाक्यातूनच उलगडते. 'मादाम बोव्हारी' या कादंबरीसाठी फ्रेंच लेखक फ्लोबेरने १८५१ ते १८५६ अशी सुमारे पाच वर्षे घेतली, लिहिलेले मोठ्याने वाचून पारखले, आणि तो चालढकल करत होता असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे, तर समजा एखाद्याने तृतीयपुरुषी प्रमाण मराठीत निवेदन सुरू केले आणि नवव्या प्रकरणात त्याच्या लक्षात आले, की ही गोष्ट धाकट्या बहिणीने वऱ्हाडीत सांगायला हवी होती. तेव्हा मागची दोनशे पाने दुरुस्त करून चालत नाहीत, कारण निवेदक बदलला की काय दिसते, काय दडते आणि कोणत्या गोष्टीवर हसू येते, हे सगळेच बदलते. सूर लागण्याआधी कोटा पुरा करणे म्हणजे नुसती रद्दी वाढवणे आहे.

खर्डेघाशा

पण ही बहीण नवव्या प्रकरणात सापडली ना? पहिल्याच प्रकरणाला इस्त्री करत बसला असता, तर सापडली असती का? आणि सूर लागण्याची वाट पाहण्याची चैन सर्वांना परवडत नाही. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीने १८६५ साली प्रकाशक स्टेलोव्हस्कीशी असा करार केलेला होता, की ठरल्या मुदतीत नवी कादंबरी दिली नाही तर नऊ वर्षे त्याचे लेखन विनामोबदला छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळेल. १८६६ साली त्याने आना स्नित्किना ही लघुलेखिका नेमली आणि २६ दिवसांत 'जुगारी' तोंडी सांगून पूर्ण केली.

बाडवाचक

ती पद्धत नव्हे, नाइलाज होता. त्या वेळी दोस्तोयेव्हस्की वीस वर्षे मुरलेला कादंबरीकार होता आणि त्याच वर्षी 'गुन्हा आणि शिक्षा' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. पहिलटकराने त्याच्यावरून धडा घेणे धोक्याचे आहे.

प्रकाशनासाठी आलेली बाडे वाचणे हे माझे काम आहे, त्यामुळे दोन्ही पक्षांचे परिणाम माझ्या टेबलावर येतात. कोट्याने लिहिलेले बाड लगेच ओळखू येते: पात्रे उठतात, दात घासतात, चहा होतो, "काय म्हणतोस?" "काही नाही" असे पानभर चालते, आणि प्रसंग सुरू होईपर्यंत त्या दिवसाचे शब्द भरून प्रकरण संपलेले असते. घोटून लिहिलेल्या बाडाची पहिली पन्नास पाने लखलखीत असतात, पुढे भाषा हळूहळू उघडी पडत जाते आणि शेवट दोन बैठकींत उरकलेला असतो. मला विचाराल तर दोघांनाही आराखड्याची गरज होती, मग तो कितीही ओबडधोबड असो. डिकन्सच्या मासिक हप्त्यांची टाचणे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत: कागदाच्या उजव्या बाजूला प्रकरणे, डाव्या बाजूला स्वतःलाच विचारलेले प्रश्न, म्हणजे अमुक पात्र या हप्त्यात आणावे का, आणि त्यापुढे "हो", "नाही" किंवा "इतक्यात नको" असे उत्तर.

नदीकाठ

आराखडा हे सर्वांवरचे औषध आहे, हे मला पटत नाही. ट्रॉलपचाच दाखला पुढे नेते: लिहायला बसताना कादंबरीचा शेवट काय होणार हे आपल्याला ठाऊक नसते, असे त्यानेच कबूल केले आहे. तेव्हा रोजची शिस्त आणि आधीचा आराखडा या दोन वेगळ्या गोष्टी असून इथे त्यांची सरमिसळ होते आहे.

शिवाय पद्धत ही लेखकाची असते हेच आपण का गृहीत धरावे? ती त्या त्या पुस्तकाची असते. नेमाड्यांची १९६३ सालची 'कोसला' अल्पावधीत लिहून झाली हे सर्वश्रुत आहे, आणि 'हिंदू' वाचकांच्या हाती पडायला २०१० साल उजाडले. लेखक एकच, पण एकाला लागलेली चाल दुसऱ्याला लागू पडली नाही. हरिभाऊ आपट्यांपुढे तर निवडीचा प्रश्नच नव्हता. १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकाचा पुढचा अंक काढायचाच असे, आणि छापून गेलेले प्रकरण मागे घेता येत नसे. त्यातूनच 'पण लक्षांत कोण घेतो!' झाली आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या.

खर्डेघाशा

पद्धत पुस्तकाची असेल, तर माझेच म्हणणे अधिक पक्के होते. जे पुस्तक अजून लिहिलेच नाही, त्याची पद्धत आधी सापडणार कुठून? बाडवाचकांचा चहाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. कोटा शब्दांऐवजी प्रसंगांचा ठेवावा, म्हणजे रोज एक प्रसंग, मग तो अर्ध्या पानाचा का असेना.

पाठकोरा

प्रसंगाचा कोटा मला मान्य आहे, आणि त्याला एक जोड सुचवतो. प्रकरण संपले की उठण्यापूर्वी एका पाठकोऱ्या कागदावर तीन ओळी लिहाव्यात: या प्रकरणात कोणाला काय नव्याने कळले, काय लपून राहिले, आणि मागे काय बदलावे लागेल. मागचे पान उघडायचे नाही, बदल फक्त नोंदवायचा. खर्डा संपल्यावर हे कागद ओळीने लावले, की आराखडा आपोआप हाती येतो, तोही झालेल्या कादंबरीचा, आणि कोणत्या चार प्रकरणांत कोणालाच काही कळलेले नाही हे दिसल्यावर काट कुठे मारायची, याबद्दल फारसा वाद उरत नाही.

निवेदकाच्या सुराबाबत मात्र मी माघार घेणार नाही. पहिले प्रकरण निदान दोन वेगवेगळ्या निवेदकांकडून लिहवून घेतल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये, असेच माझे म्हणणे आहे. धागालेखक त्याला खुशाल इस्त्री म्हणोत.